फीडर क्रमांक तीन

सेलूच्या जिनिंगमध्ये आता कापूस येत नाही,
शनिवारी बँड येतात.
दारात कचरूमामा पन्नास रुपये घेतात
आणि मनगटावर शिक्का मारतात,
पूर्वी गाठींवर मारायचे तोच, जांभळ्या शाईचा:
‘प्रथम प्रत’.
सोमवारपर्यंत जात नाही.
सबस्टेशनला साहेब विचारतात, हे काय?
मी म्हणतो, पास झालोय.

वर पत्रा, लोखंडी कैच्या.
जिथं रेचे होते तिथं स्टेज.
बसायला सरकीची पोती, त्यांचा तेलकट वास
शर्टाबरोबर घरी येतो, बायको ओळखते.
पायाचा ड्रम पहिल्यांदा वाजला
की कैच्यांवर वर्षानुवर्षं बसलेली रुई
हलते, सुटते,
गाणाऱ्यांच्या केसांवर सावकाश उतरते.
परभणीचा एक गिटारवाला तीनदा शिंकला.
पब्लिकनं वन्स मोअर दिला.

इथं मी सगळे ऐकलेत.
बीडचे चौघे, एकमेकांचे साडू,
दोन गाण्यांच्या मध्ये एकमेकांशी बोलत नसत.
नांदेडच्या कॉलेजची पोरं,
त्यांना एकच गाणं येत होतं, ते त्यांनी चारदा वाजवलं.
चौथ्यांदा आवडलं.

त्या रात्री ‘ढेकळं’ होते.
बेसवर वैजनाथ. ड्रमवर सुगत,
दिवसा टायर रिमोल्ड करतो, नखं काळी ती काळीच.
आणि नौशीन, पाथरीच्या शाळेत गणित शिकवते.
गाताना डोळे मिटत नाही,
मागच्या बाकावर कोण काय करतंय
तसं बघत राहते.

तिसऱ्या गाण्यात लाइट गेली.

अंधारात दोनशे माणसं माझ्याकडे वळली.
दिसत नव्हती, पण कळतं.
“काय हो वायरमन, सुट्टीच्या दिवशी बी घालवायलात का?”
मी ऑपरेटर आहे, वायरमन नाही.
हे गावात कुणाला सांगून उपयोग नाही.

फोन लावला. ड्युटीवर गिराम.
“तीन नंबर ट्रिप झालंय. लाइन बघितली, ठीक आहे.
घेतो लगेच.”
तेवढ्यात सुगतनं काठ्या खाली ठेवल्या
आणि तळव्यानं वाजवायला लागला,
टायर थोपटून बघावं तसं.
नौशीन स्टेजवरून उतरली,
पोत्यांच्या मधल्या वाटेनं चालत आली
आणि गाणं जिथं तुटलं होतं
तिथूनच उचललं.

माइकमधून हे कधी आलं नव्हतं:
ओळ संपताना ती श्वास घेते
तेव्हा बारीक शीळ वाजते,
पुढच्या दातांत फट असलेल्यांची.
माझ्या आईची वाजायची, सुपारी फोडताना बोलली की.
कुणीतरी मोबाइलची बत्ती लावली.
कचरूमामा खेकसले, “विझव ते!”

“घेऊ का?” गिराम फोनवरच होता.

तीनवर काय काय आहे मला पाठ आहे.
झंवरांची पिठाची गिरणी. बर्फाचा कारखाना.
कोर्टामागची गल्ली,
तिथं पंख्याखाली नुकतं झोपलेलं एखादं लेकरू
आता जागं झालं असेल.
दवाखाना एकवर आहे.
हे मी आधी आठवलं, मगच बोललो:

“गाणं संपू दे.”
“कुठलं गाणं?”
मी स्पीकर लावला, फोन वर धरला.
तिकडून गिराम काहीच बोलला नाही.
त्याच्यामागे ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता,
सोळा वर्षं ऐकतोय, एकच सूर,
आणि शपथेवर सांगतो,
नौशीनचा सा त्याच्यापासून
फार लांब नव्हता.

रजिस्टरमध्ये नोंद आहे.
फीडर तीन. बंद ९.१२, चालू ९.२१.
कारणाच्या रकान्यात
गिरामच्या गिचमिड अक्षरात: ‘पक्षी’.
रात्री नऊ वाजता.

साहेबांनी सही केली.